शितावरून डोंगर

आमच्या कॉलेजच्या मागच्या डोंगरावर ५,१३७ झाडं आहेत. गेली सहा वर्षं आहेत. या सहा वर्षांत जिल्ह्यात दुष्काळ पडला, मग अतिवृष्टी झाली, डोंगराला एकदा वणवा लागला आणि खालच्या वस्तीवर रोज दोन वेळा चुली पेटल्या. पण कॉलेजच्या वार्षिक अहवालात त्यातलं एक झाड मेलं नाही की एक नवं उगवलं नाही. लोकसंख्येचा प्रश्न इतका चोख सोडवलेली दुसरी जमात पृथ्वीवर नसेल.

हा आकडा मुळात कुणी काढला ते कुणालाच ठाऊक नाही. काहींच्या मते तो एका निवृत्त सरांच्या स्कूटरचा नंबर होता.

मी मराठी शिकवतो. कॉलेजात मोजण्याचं कुठलंही काम निघालं की ते मराठी विभागाकडे येतं, कारण मराठी विभागाला काम नसतं असा विज्ञान शाखेचा समज आहे. तो खोटा आहे हे सिद्ध करायला आम्हाला वेळ मिळत नाही. मी आजवर बाकं मोजली, पंखे मोजले, मतदार मोजले, एकदा तर गावातली शौचालयं मोजली. (तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख मी लिहिणार नाही.) तेव्हा समिती येणार, हरित लेखापरीक्षण होणार, असं कळलं त्या दिवशी मी शक्यतो लायब्ररीतच बसून होतो. तिथंही शिपाईमामा आले.

"सर, बोलावलंय."

प्राचार्य खुशीत होते. "तुम्ही बालकवी शिकवता ना?"

"हो सर. प्रथम वर्षाला."

"मग झाडं तुमच्याकडे."

मी म्हणालो, सर, अहवालात आकडा आहे की. तर म्हणाले, या खेपेला आकडा नुसता चालत नाही, तो कसा काढला तेही लिहावं लागतं. पद्धत लागते पद्धत. आठ दिवस आहेत. एनएसएसची पोरं घ्या.

पहिले दोन दिवस आम्ही सरळमार्गी माणसासारखं केलं. म्हणजे एका टोकाला उभं राहिलो आणि म्हटलं, एक. हा डोंगर दहा हेक्टरचा. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना जे उघडेबोडके डोंगर दिसतात त्यांच्याच भावकीतला. मधेच एखादी बाभळ, हिवर, कडेला लिंब, आणि सगळीकडे बोरी, हेकळ अन् सीताफळाची झुडपं. मोजायला असं किती असणार? पण मोजणं ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. मी २१२ पर्यंत आलो होतो, तेवढ्यात खालून रस्त्यावरून जाणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं हात वर करून "राम राम सर!" घातला. मी "राम राम" म्हणालो. त्या दोन रामांत माझी दोनशे बारा झाडं गेली.

मग मोजलेल्या झाडाला खूण करायचं ठरलं. पोरांकडे खडू एकही निघाला नाही, चुन्याच्या डब्या मात्र चार निघाल्या. चुन्याचं बोट ओढत दोन तुकड्या दोन बाजूंनी निघाल्या. दोघींचा चुना एकसारखाच असल्यानं वरच्या तुकडीनं मोजलेली झाडं खालच्या तुकडीनं आपली म्हणून सोडली आणि खालच्यांनी मोजलेली वरच्यांनी. संध्याकाळी दोन्ही मॉनिटर म्हणाले, "सर, तिकडचं सगळं त्यांनी मोजलंय."

वनस्पतीशास्त्राच्या सरांना दया आली. ते म्हणाले, अहो, जंगलातली सगळी झाडं जगात कुणीच मोजत नाही. ब्रँडिससाहेबानंसुद्धा मोजली नव्हती. हा डिट्रिश ब्रँडिस मूळचा जर्मन. १८५६ साली इंग्रजांनी त्याला ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांवर नेमलं आणि १८६४ साली तो हिंदुस्थानातला पहिला जंगलप्रमुख झाला. सांगतात ते असं, की हा हत्तीवर बसून जंगलातून जायचा. डाव्या हातात चार काठ्या, एकेक काठी एकेका जाडीच्या सागाची, आणि उजव्या हातात चाकू. साग दिसला की त्या जाडीच्या काठीवर एक खाच. वाटेच्या दोन्ही अंगांना जेवढं दिसेल तेवढंच मोजायचं आणि त्यावरून उरलेल्या जंगलाचा हिशोब मांडायचा.

मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे हत्ती नव्हता, शिपाईमामांची लुना होती. ती डोंगराच्या पहिल्याच चढाला बंद पडली. हत्तीला ढकलावं लागत नाही, हा ब्रँडिसचा मोठा फायदा होता.

"नमुना घ्यायचा," सर म्हणाले. "शितावरून भाताची परीक्षा."

घरी आल्यावर मी हे मोठ्या उत्साहानं सौभाग्यवतीला सांगितलं. ती कुकरचं झाकण लावत होती. म्हणाली, "अहो, शीत कुठलं काढलं त्यावर आहे. वरचं काढलं तर आणखी एक शिट्टी द्यायची. तळचं काढलं तर शेजारी सांगायचं, आज खिचडी केलीय." हे वाक्य मला त्या रात्री विनोद वाटलं. सांख्यिकीचा अख्खा अभ्यासक्रम त्यात होता हे कळायला चार दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी आलेखाच्या कागदावर डोंगर काढला आणि त्याचे दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन पाडले. दहा हेक्टरचे बरोबर हजार चौकोन. त्यातले पाच निवडायचे, पण आपण निवडायचे नाहीत, चिठ्ठीनं निवडायचे. याला यादृच्छिक नमुना म्हणतात. हा शब्द एनएसएसच्या एकाही स्वयंसेवकाला नीट लिहिता आला नाही. मी मराठीचा प्राध्यापक असूनही फळ्यावर लिहिताना जरा आडोशाला उभा राहिलो. जुन्या उत्तरपत्रिका फाडून पोरांनी हजार चिठ्ठ्या केल्या. विद्यार्थ्यांनी आपल्याच उत्तरपत्रिका इतक्या आनंदानं हाताळलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

पहिली चिठ्ठी निघाली ती जुन्या मुरमाच्या खदानीत. झाडं शून्य. दुसरी गावातल्या एका वजनदार माणसाच्या गोठ्यात. गोठा आमच्या हद्दीत कसा, हे विचारायचं नव्हतं. तिथं लिंबाची दोन झाडं होती. त्यातल्या एकाला म्हैस बांधलेली होती आणि तिचा नमुना पाहणीला विरोध होता. तिसरी चिठ्ठी हेकळ-बोरीच्या जाळीत. जाळीच्या तोंडाशी मोहोळ. "चार असतील," असं बाहेरूनच ठरलं. महसूल खात्यात याला नजरअंदाज म्हणतात आणि त्यावर अख्ख्या तालुक्याची पैसेवारी निघते, तेव्हा आमचं काही फार चुकलं नाही. पाचवी चिठ्ठी पाझर तलावाच्या पोटात. तलाव कोरडा होता म्हणून आत जाता आलं, पण झाड नाही.

चौथी चिठ्ठी उघड्या माळावर पडली. नुसतं कुसळी गवत आणि ऊन. तिथं आम्ही नायलॉनच्या दोरीचा चौकोन ताणत होतो, तेवढ्यात शेळ्या घेऊन एक मामा आले. डोक्याला फेटा, हातात आकडी. बराच वेळ बघत राहिले.

"काय करायलाव सर?"

"झाडं मोजतोय, मामा."

मामांनी चौकोनात पाहिलं. चौकोनात मी होतो आणि एक सरडा होता.

"ह्यात?"

"ह्यातली मोजायची. त्यावरून सगळ्या डोंगरावरची कळतात."

"मंजी पीक कापणीच की!" मामांचा चेहरा खुलला. "इम्याचं हाय का?"

"नाही."

"अनुदानाचं?"

"नाही मामा, अहवालाचं."

मामा दोरीजवळ उकिडवे बसले आणि अगदी खालच्या आवाजात, घरच्या माणसासारखं विचारलं, "जास्त दावायचीत का कमी?"

मी गप्प. मामांना ते उत्तर पुरेसं वाटलं. "कमी दावायची असतील तर हितंच ऱ्हाऊ द्या, चांगली जागा गावलीय. जास्त पायजे असतील तर दोरी वढ्याकडं घ्या."

बीडच्या माणसाला नमुना पाहणी समजावून सांगायला जाणं म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला नेण्यासारखं आहे. जिथं पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर यावर वर्ष ठरतं, तिथं शेताच्या कुठल्या कोपऱ्यात दोरी पडली हा प्रश्न विद्यापीठाचा राहत नाही, चावडीचा होतो. आणि या प्रश्नावर देशातली दोन मोठी डोकी भांडलेली आहेत, त्यातलं एक मराठी होतं. १९४०च्या दशकात पिकाचा उतारा काढायला केवढा तुकडा कापावा, यावर प्रशांतचंद्र महालनोबिस आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचं जुंपलं. महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्मे म्हणाले, तुकडा लहान केला की उतारा फुगतो. का फुगतो? तर कापणाऱ्याचा हात. काठावरचं ताट आत की बाहेर अशी शंका आली की माणूस ते आत घेतो. तुकडा लहान असला की काठच जास्त, मग शंकाही जास्त आणि धान्यही. पुढं सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले, पण त्यांनी पकडलेला तो हात काही इथून हलला नाही. आमच्या एनएसएसमध्ये असे चाळीस हात होते.

पाच चिठ्ठ्यांची बेरीज झाली सहा झाडं. हजार चौकोनांतले पाच म्हणजे दर झाडामागे डोंगरावर दोनशे. सहा गुणिले दोनशे, बाराशे.

प्राचार्यांनी चष्मा काढला. "बाराशे? अहो, लागवडच तीन हजारांची दाखवलीय आपण."

ते खरं होतं. १ जुलै २०१६ ला राज्यात दोन कोटी झाडं लावायची मोहीम निघाली. पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी, आणि २०१९ ला ३३ कोटी. एवढ्या कोटींत आमच्या कॉलेजनं तीन हजारांचा खारीचा वाटा उचलला होता. खड्डे सगळे जागेवर आहेत. त्यांची जिवंत राहण्याची टक्केवारी शंभर आहे.

"पुन्हा चिठ्ठ्या काढा," प्राचार्य म्हणाले.

"सर, तसं करत नाहीत."

"का? फाटल्या का?"

दुसऱ्या खेपेला चिठ्ठी उघडून वाचायची आणि पटली नाही तर परत टाकायची, अशी सुधारणा झाली. लग्न जुळवताना याच पद्धतीला योग येणं म्हणतात. असे योग जुळता जुळता पाच चौकोन आले: गेटजवळचा लिंबाचा पार, ओढ्याकाठची करंजं, म्हसोबाच्या मागची गर्दी, वसतिगृहामागची बाग आणि सुबाभळीचा पट्टा. पाचही ठिकाणी सावली होती. चार ठिकाणांहून कॅन्टीन दिसत होतं. खरं सांगायचं तर आजवर मी कुठल्याही पाहणीतला कुठलाही नमुना उन्हात उभा राहिलेला पाहिला नाही.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचं काम असं नाही म्हणे. १९८१ साली ही संस्था झाली, १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी तिचा अहवाल येतो, आणि आता तिनं अख्ख्या देशावर पाच किलोमीटरची जाळी टाकलीय. नमुन्याची जागा नकाशावर ठरते. मग तिथं दरी असो, काटवण असो, जायचं आणि मोजायचं. चिठ्ठी परत टाकायची सोय नाही. माझ्या मनात त्या माणसांविषयी अपार आदर आहे आणि त्यांच्यासोबत जायची अजिबात इच्छा नाही. याच संस्थेच्या व्याख्येत निदान एक हेक्टर जागेवर दहा टक्के झाडांचं छत असलं की ते वनाच्छादन. सोप्या भाषेत, डोंगरावर दहा माणसं आडवी झाली आणि त्यातल्या एकाला सावली मिळाली, की झालं जंगल. आम्ही दुपारी हा प्रयोग केला. सावली मिळालेला एक जण वनस्पतीशास्त्राचे सर होते. बाकी नऊ जणांनी निष्कर्ष मान्य केला नाही.

मग घेर मोजायचा होता. झाडाचा घेर जमिनीशी नाही, शेंड्याशी नाही, माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजतात.

"कुणाच्या छातीच्या?" मागून एक आवाज आला.

प्रश्न वाजवी होता. सर पाच फूट एक इंच, व्हॉलीबॉलचा कॅप्टन सहा फूट दोन. सरांनी सांगितलं, १.३७ मीटर. म्हणजे साडेचार फूट. युरोपातली छाती १.३० मीटरवर आहे, आपली इंग्रजाच्या फुटांवर ठरली ती सात सेंटिमीटर वर राहिली. स्वातंत्र्यानंतर बरंच काही खाली आलं, छाती तिथंच आहे. मामांच्या आकडीवर खडूनं साडेचार फुटांची खूण केली आणि ती घेऊन आम्ही बाभळीला भिडलो.

बाभळीला टेप गुंडाळायचा म्हणजे आधी तिला मिठी मारावी लागते. मी पहिल्या बाभळीला मारली. शर्ट तिनं ठेवून घेतला. पण तेवढ्यात सरांना मोठा शोध लागला. नियम असा आहे, की खोडाला छातीच्या खालीच फाटा फुटला असेल तर दोन्ही खोडं वेगवेगळी मोजायची. आणि आमच्या डोंगरावर शेळ्या, कोयते आणि सरपण यांच्या कृपेनं छातीपर्यंत सरळ गेलेलं झाड नाहीच. जे आहे ते गुडघ्यातच दुभंगलेलं. एकेक बाभळ दोन-दोन, तीन-तीन होऊ लागली. दर फाट्यामागे डोंगरावर दोनशे झाडं! पोरं खाली वाकून फाटे शोधू लागली. त्यात ओढ्याच्या चौकोनात एक करंज दोरीच्या बरोबर वर होता, ना आत ना बाहेर. चार पोरांनी दोरी "जराशी सरळ" केली. करंज आत आला. वीतभर दोरी सरकली आणि पल्याडच्या उघड्या माळावर, मुरमात, दोनशे झाडं उगवली. मुंबईत जमिनीला भाव आहे म्हणतात, पण वितेला दोनशे झाडं तिथंही येत नसतील.

सीताफळानं मात्र घात केला. बालाघाटात सीताफळ म्हटलं की छाती फुगते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून डोंगरावर तेच माजलंय. ही सगळी जमेला धरली असती तर आम्ही महाबळेश्वराशी बरोबरी केली असती. पण सरांच्या पुस्तकात लिहिलं होतं, की खोडाचा व्यास दहा सेंटिमीटरच्या आत असेल तर ते झाड धरायचं नाही. आमचं एकही सीताफळ तेवढं भरेना. मानांकन मिळालं, झाडपण नाही. नात्यात असे बरेच जण आहेत.

बेरीज झाली ६१. गुणिले दोनशे, १२,२००.

"बारा हजार?" प्राचार्य पुन्हा घाबरले. "अहो, मागच्या वर्षी पाच हजार दाखवलीत. सात हजार झाडं कुठून आली म्हणून विचारतील."

"सर, उगवली."

"परवानगीशिवाय?"

तेव्हा सरांनी कपाटातून आणखी एक पुस्तक काढलं. दोरी नको, चिठ्ठी नको, टेप नको. बिटरलिख नावाच्या एका ऑस्ट्रियन वनाधिकाऱ्यानं १९४८च्या सुमाराला एक युक्ती काढली. जंगलात एका जागी उभं राहायचं, हात ताठ पुढं धरायचा, अंगठा उभा करायचा, एक डोळा मिटायचा आणि जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घ्यायची. जे खोड अंगठ्यापेक्षा रुंद दिसेल ते धरायचं, जे अंगठ्याआड लपेल ते सोडायचं. अंगठ्याऐवजी एक सेंटिमीटरची पट्टी डोळ्यापासून पन्नास सेंटिमीटरवर धरली तर दर झाडामागे हेक्टरी एक चौरस मीटर खोड. हिशोब पक्का, गणितानं सिद्ध झालेला. जगभरचे वनवाले हे करतात.

जगभरचे करत असतील. बीड-मांजरसुंबा रस्त्यावरून दिसणाऱ्या डोंगरावर, भर दुपारी, फाटक्या शर्टानं एक मध्यमवयीन माणूस एक डोळा मिटून, अंगठा दाखवत स्वतःभोवती फिरतोय, हे दृश्य मात्र तिथं नवीन होतं. एक एसटी हळू झाली. शेळ्या थांबल्या. मामा लगबगीनं वर आले आणि माझा दंड धरला.

"सर, बसा. पानी प्या." मग पोरांकडं वळून, "कधीपासून व्हायलंय असं? बाहेरचं हाय का काय?"

मी त्यांना बिटरलिख समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खिशात अंगाऱ्याची पुडी घातली.

शिवाय अंगठा प्रत्येकाचा वेगळा. कॅप्टनच्या अंगठ्याआड अख्खा लिंब गेला. प्राचार्य स्वतः पाहायला आले आणि त्यांनी अंगठा धरला तर डोंगर उजाड दिसू लागला. द्वितीय वर्षाच्या एका मुलीचा अंगठा अगदी नाजूक होता. तिनं गिरकी घेतली तर आम्ही थेट मेळघाटात! तिचाच अंगठा अधिकृत करावा असा ठराव आला. मग सरांनी सांगितलं, अंगठ्याची रुंदी आणि हाताची लांबी मोजून ज्याचा त्याचा गुणक काढावा लागतो. दोन सेंटिमीटरचा अंगठा साठ सेंटिमीटरवर धरला तर दर झाडामागे साधारण पावणेतीन. ज्या जिल्ह्यात अंगठ्याचा उपयोग रेशन दुकानातल्या मशीनवर होतो आणि तिथंही तो चार वेळा उमटत नाही, तिथं अंगठ्याचा गुणक काढायला बसणं जरा जास्तच होतं. पण काढला.

"म्हणजे झाडं किती?" प्राचार्यांनी विचारलं.

"सर, या पद्धतीत झाडं किती ते थेट कळत नाही. सगळी झाडं छातीशी कापली तर खोडांच्या तोंडांचं क्षेत्रफळ एकूण किती होईल, ते कळतं."

"कापली?" प्राचार्य दचकले. "अहवालात 'कापली' हा शब्द नको."

उरला एक दिवस. प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि मला समोर बसवलं. "हे बघा, बाराशेही नको आणि बारा हजारही नको. ५,१३७ येईल अशी पद्धत नाही का?"

मी भागाकार केला. पाच चौकोनांत मिळून २५.६८५ झाडं सापडायला हवी होती. पंचवीस झाडं मिळतील, पण पूर्णांकाच्या पुढचं झाड आणायचं कुठून? सर म्हणाले, बिटरलिखच्या पद्धतीत अगदी काठावरचं झाड अर्धं धरतात. म्हणजे अर्ध्यापर्यंत सोय होती. प्रश्न फक्त ०.१८५ झाडाचा राहिला. त्यासाठी प्राचार्यांनी खिडकीतून सीताफळाकडे पाहिलं. मी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी समिती आली. डोंगराकडे जायचा रस्ता आम्ही झाडून घेतला होता, टोप्या तयार होत्या. समितीच्या अध्यक्षांनी गाडीतून उतरून डोंगराकडे एकदा पाहिलं, मग उन्हाकडे पाहिलं आणि गेटजवळच्या लिंबाच्या पारावर बसले. चहा आला. वरून लिंबाचा गारवा. "छान गर्द आहे हो परिसर," ते म्हणाले. बाकीच्या दोघांनी वर पाहून मान डोलावली. नमुना एक, गर्दी शंभर टक्के. जाताना त्यांनी विचारलं, एकूण झाडं किती? प्राचार्यांनी सांगितलं. "पद्धत?" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शितावरून भात." अध्यक्षांनी ते 'पारंपरिक ज्ञानपद्धती' या रकान्यात लिहून घेतलं.

मला त्या क्षणी पालवणची आठवण आली. फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या बीडजवळ पालवणला, सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईत, पहिलं वृक्ष संमेलन भरलं होतं आणि त्याचा अध्यक्ष होता वड. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी संमेलनाध्यक्ष बरेच ऐकलेत. भाषण न करता अध्यक्षपद निभावणारा हा एकच, आणि त्याच्या सावलीत बसायला निमंत्रणपत्रिकाही लागत नाही.

समिती गेल्यावर मी डोंगरावर गेलो, आकडी परत करायला. मामा शेळ्या वळत होते. सहज विचारलं, "मामा, शेळ्या किती आहेत तुमच्याकडं?"

मामांनी मला वरून खाली पाहिलं. "कोण इचारतंय? तुमी का कॉलेज?"

"मीच."

"बारा."

माझ्या डोळ्यांसमोर निदान तीस होत्या, आणि दोन माझ्या पिशवीत तोंड घालून होत्या. पण मला त्यांची पद्धत आता पटायला लागली होती.

आता वर्ष झालं. अहवालात यंदाही ५,१३७ आहेत. माझ्याकडे त्या पहिल्या पाच चिठ्ठ्या अजून आहेत, पाकिटात, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी. त्यातला तिसरा चौकोन, हेकळ-बोरीच्या जाळीतला, तेवढा राहिलाय. बाकीचे चार मी एकट्यानं पुन्हा मोजले आणि आकडे तेच आले. रविवारी सकाळी मोहोळ थंड असतं म्हणतात, तेव्हा जाणार आहे. तर बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना डोंगरावर एखादा माणूस अंगठा पुढं धरून गोल फिरताना दिसला, तर गाडी थांबवू नका, तो लिफ्ट मागत नाही. आणि ओळखीचा वाटला तरी कृपा करून राम राम घालू नका.